फोनमध्ये त्याचं नाव ‘मेस डबा’

सल्ल्यासाठी आलेल्या एका पत्रातला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा एकवीस वर्षांचा, पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, मूळचा बार्शीकडचा. वडिलांची शेती आणि खतांचं दुकान. घरी आई, आजी, धाकटी बहीण. कॉलेजच्या एकांकिकेत हा लाइट्स करत होता आणि दुसरा एक मुलगा संगीत. तालमी संपल्या, स्पर्धा झाली, दोघांचा चहा मात्र चालूच राहिला. त्याला आता सात महिने झाले. मध्यंतरी त्या मुलानं ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं सरळ म्हटलं, तेव्हा यानं त्याला अकरा दिवस ब्लॉक केलं आणि बाराव्या दिवशी स्वतःच त्याच्या रूमखाली जाऊन उभा राहिला. पत्रातला एक तुकडा त्याच्याच शब्दांत देते: ‘तो बरोबर असला की डोकं शांत असतं. रूमवर आलो की अंघोळ करावीशी वाटते, स्वतःची घाण वाटते. त्याचा नंबर मी मेस डबा म्हणून सेव्ह केलाय. गेटची परीक्षा झाली की सोडून देईन असं ठरवलंय.’ आणि मग चार प्रश्न. मी खरंच गे आहे की हॉस्टेलमुळे असं झालं? यावर उपाय असतो का? हे नातं तोडू का? घरी कळलं तर काय?

ओळख लागू नये म्हणून काही तपशील त्याला विचारून बदलले आहेत.

तुला अरे-तुरे करते आहे. माझा मुलगा तुझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे, तेव्हा चालवून घे. पत्राच्या अगदी शेवटी, तारखेच्या खाली, ‘कधी कधी वाटतं नसतो तर बरं झालं असतं’ असं तू लिहिलं होतंस. त्याबद्दल आपण त्याच दिवशी फोनवर बोललो, म्हणून इथे थोडंच. तो विचार पुन्हा आला आणि मी फोनवर सापडले नाही, तर हा नंबर नीट लिहून घे, १४४१६. ही सरकारची टेलिमानस सेवा. चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. स्वतःचं नाव सांगायची भीती वाटली तर आधी तेवढंच बोलून दाखव.

तुझे चार प्रश्न मी तुझ्या क्रमानं घेणार नाही. आधी डब्याबद्दल बोलू.

वाचल्यावर मला आधी हसू आलं, खोटं कशाला सांगू. बावीस वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या मुलामुलींच्या फोनमध्ये माणसं ‘गॅस एजन्सी’, ‘झेरॉक्स काका’, ‘प्रोजेक्ट गाइड’ अशा नावांनी राहिलेली मी पाहिली आहेत. चार जणांच्या रूममध्ये फोन चार्जिंगला लावला की त्याचा स्क्रीन चौघांचा होतो. तिथे नाव लपवणं हा शहाणपणा आहे. त्यासाठी स्वतःला भित्रा म्हणू नकोस. फोनमध्ये डबा खुशाल राहू दे.

मला खटकलं ते पुढचं. तुझं पत्र मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की सबंध पत्रात त्या मुलाबद्दल तीनच गोष्टी आहेत: तो केव्हा येतो, तो आल्यावर तुला कसं वाटतं आणि तो गेल्यावर तुला कसं वाटतं. त्याला काय वाटतं, त्याच्या घरी काय परिस्थिती आहे, ते अकरा दिवस त्यानं कसे काढले, यातलं काहीच नाही. डबा असाच असतो ना? वेळेवर येतो, आपण रिकामा करतो, परत पाठवतो. डब्याला कोणी काही विचारत नाही. नंबर लपवता लपवता तू माणूसच लपवायला लागला आहेस, तेही स्वतःपासून. जगापासून लपणं आणि आपल्याच माणसापासून लपणं या दोन गोष्टी तुझ्याकडे एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिलीची तुला आज गरज आहे. दुसरीनं तुम्हा दोघांचं वाटोळं चाललं आहे.

आता हॉस्टेलचं. हॉस्टेलमुळे माणूस गे होत असता तर आपल्याकडची वसतिगृहं केव्हाच कुलूप लावून बंद केली असती. एकटेपणात, उत्सुकतेपोटी मुलांमध्ये कधी शारीरिक जवळीक होते, हे खरं. पण ती जवळीक संपली की माणूस आपल्या वाटेनं जातो. बाराव्या दिवशी कोणाच्या जिन्याखाली जाऊन उभा राहत नाही. शिवाय उत्तर तूच दिलं आहेस, फक्त कंसात दिलं आहेस. नववीत एका मित्राबरोबर राहता यावं म्हणून तू रोज सायकलनं तीन किलोमीटर उलटा जायचास आणि घरी ‘क्लास उशिरा सुटला’ सांगायचास. नववीत कुठलं हॉस्टेल होतं? मुलींचा उल्लेख तुझ्या पत्रात एकदाच आहे, ‘पुढे कोणत्यातरी मुलीला हो म्हणावं लागेल’ एवढाच. उद्या तुला मुलीही आवडतात असं कळलं, तर त्यालाही उभयलिंगी आकर्षण असा शब्द आहे, त्यात काही बिघडत नाही. शब्द घाईनं लावून घेऊ नकोस. पण नववीतली ती सायकल खोटी होती असं मात्र स्वतःला पटवू नकोस.

उपायाचं विचारलंस. मित्रानं सांगितलेला तो ‘तीन महिन्यांचा कोर्स’ देणारा डॉक्टर. त्याच्याकडे जाऊ नकोस. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये. आपल्याकडच्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनंही २०१८ मध्ये हा आजार नाही असं स्पष्ट सांगितलं. मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये असले ‘बदलण्याचे’ उपचार थांबवायचे निर्देश दिले. दोन मुली घरच्यांपासून संरक्षण मागत कोर्टात आल्या होत्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी निकाल देण्याआधी ‘मला हा विषय समजत नाही’ असं मान्य करून स्वतः मानसशास्त्रज्ञाकडून तो समजून घेतला होता. मला त्या निकालातलं हेच सर्वांत आवडतं. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे तो कोर्सवाला तुला बरं करणार नाही, उलट त्याचीच तक्रार होऊ शकते.

इथे माझं एक जुनं देणं सांगून टाकते. प्रॅक्टिस सुरू करून दोन-तीन वर्षं झाली असतील. एक आई मुलाला घेऊन आली होती. मी त्या बाईंची समजूत काढायच्या नादात ‘या वयात असं होतं, बघू या, बदलेलही’ असं मुलासमोर म्हणून गेले. तो शेजारीच बसला होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कधी आला नाही. मी काही शॉक दिले नव्हते, गोळी दिली नव्हती, पण त्याच्यापुरतं दार मीच बंद केलं. म्हणून सांगते, समुपदेशक निवडताना पहिल्याच फोनवर विचार: ‘समलैंगिकता बदलता येते असं तुम्हाला वाटतं का?’ ‘प्रयत्न करू’ असं उत्तर आलं तरी फोन ठेव. कॉलेजच्या समुपदेशकाकडे जाणार असशील तर आणखी एक विचार: ‘मी जे बोलेन ते घरी किंवा एचओडींना सांगाल का?’ तू सज्ञान आहेस. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे तुझी माहिती गुप्त राहणं हा तुझा हक्क आहे. पण हक्क कागदावर असतो आणि केबिनचा दरवाजा अर्धा उघडा असतो, म्हणून आधी विचारून घ्यायचं.

उपचार करता येतो तो त्या अंघोळीवर.

ती घाण कुठून आली ते बघ. ‘बायल्या’ हा शब्द तू पहिल्यांदा कधी ऐकलास? तिसरीत? चौथीत? कोणीतरी रडलं, कोणाला कबड्डी जमली नाही, कोणाचा आवाज बारीक होता, की तो शब्द यायचा आणि सगळे हसायचे. तूही हसला असशील, मीही हसले आहे. आपण कोण आहोत हे कळायच्या चार-पाच वर्षं आधी त्या माणसाला काय म्हणतात हे तू शिकलास. शिवी आधी पाठ झाली, ओळख नंतर पटली. तेव्हा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून आल्यावर जे अंगावर येतं, तो चौथीतला हशा आहे. तो साबणानं जात नाही. रूमवर आलास आणि घाण वाटली की अंघोळीआधी दहा मिनिटं वहीत लिही: आज नेमकं काय झालं, मला कशाची लाज वाटली आणि हे ‘घाण’ म्हणणारा आवाज कोणाचा आहे. पहिले काही दिवस ‘कोणाचा नाही, माझाच’ असं येईल. लिहीत राहा. बहुतेकांच्या वहीत दोन-तीन आठवड्यांत एखादं नाव उमटतं: पीटीचे सर, चुलतभाऊ, कधी वडील. वही रूममध्ये ठेवू नकोस. लिहून झालं की पान फाडून टाकलंस तरी चालेल.

‘असा प्रश्न मराठीत कधी कुणी कुणाला विचारला असेल का’ असं तू लिहिलंस. विचारला आहे, आणि तुझे पणजोबा तरुण असतील तेव्हा. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत होते आणि त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत. अशाच प्रश्नोत्तरांवरून, ज्यात समलिंगी संबंधांबद्दलचा प्रश्नही होता, १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण एक जण विचारत होता, एक उत्तर देत होता आणि एक त्या दोघांच्या वतीनं कोर्टात भांडत होता. तू समजतोस तेवढा एकटा नाहीस, आणि पहिला तर मुळीच नाहीस.

कायद्याचं दोन वाक्यांत. अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी, तू शाळेत असताना, दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. लग्नाचा हक्क मात्र अजून नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं तो द्यायला नकार दिला. तुमचं प्रेम गुन्हा नाही, पण त्याला सरकारी कागदही नाही. आज एवढंच खरं आहे.

आता नात्याचं. ‘तोडू का’ याला मी हो किंवा नाही म्हणणार नाही, कारण तो मुलगा कसा आहे हे मला तुझ्या पत्रातून कळलेलंच नाही. पण तू नातं कसं चालवतोस ते कळलं, आणि त्याबद्दल रागावणार आहे.

गेटची तारीख तू ठरवलीस. त्याला ती माहीत आहे? नाही ना? म्हणजे तो रोज एका अशा नात्यात येतो ज्याची शेवटची तारीख फक्त तुझ्या डोक्यात आहे. हे वाईट आहे. तुला सोडायचं असेल तर सोड, माणसं सोडतात. पण त्याच्यासमोर बसून, कारण सांगून. आणि कारण ‘मला हे असलं राहायचं नाही’ असं असेल, तर आधीच सांगते, तो गेल्यावर तू तसाच राहशील. फक्त तो नसेल.

जवळ जायचं आणि दुसऱ्या दिवशी पळायचं, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की याला आता मी स्वभाव म्हणत नाही. लहानपणापासून ज्या गोष्टीला धोका म्हणून शिकवलं, तिच्या जवळ गेलं की शरीर घंटा वाजवतं. जितकं जास्त बरं वाटतं, तितकी घंटा मोठी. म्हणून तू भांडणानंतर ब्लॉक केलं नाहीस, ‘प्रेम आहे’ ऐकल्यावर केलंस. घंटा लगेच बंद होणार नाही. पण पळताना चिठ्ठी ठेवून जाता येतं. पुढच्या वेळी ब्लॉक करायच्या ऐवजी एवढा मेसेज टाक: ‘डोकं बिघडलंय, तुझ्यामुळे नाही, गुरुवारी संध्याकाळी फोन करतो.’ आणि गुरुवारी फोन कर. बोलायला काही नसलं तरी कर. आधी दोन दिवस लागतील, मग एक रात्र, मग तू त्याच्यासमोर बसूनच ‘आत्ता मला पळावंसं वाटतंय’ म्हणशील. तो काय उत्तर देतो त्यावरून तो कसा माणूस आहे ते तुला कळेल.

दुसरं, तुम्ही फक्त अंधारात भेटता. रात्री अकरानंतर, कोणाची तरी रूम रिकामी असेल तेव्हा, दाराकडे कान ठेवून. अशा भेटीत चोरीचा वास येणारच, तिथे कोणतंही जोडपं ठेव. दिवसाउजेडी काहीतरी अत्यंत कंटाळवाणं काम एकत्र करा. मंडईत जा. सकाळी वेताळ टेकडी चढा, तिथे दोन मुलं चालताना दिसली तर कोणी मान वळवून बघत नाही. त्याची गाडी सर्व्हिसिंगला टाकायला बरोबर जा आणि तासभर बाकावर बस. तो पंक्चरवाल्याशी कसा बोलतो, उन्हात चिडतो का, पैसे कोण देतं, हे सात महिन्यांत तुला माहीत असायला हवं होतं. (शरीराचं एक वाक्य: सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त होते. दोघं जा, त्यात संशय नाही, शिस्त आहे.)

तिसरं, एका माणसाला सांग. एकालाच. निवडताना सर्वांत प्रेमळ मित्र निवडू नकोस, ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा निवड. त्यानं आजवर तुला दुसऱ्यांची गुपितं सांगितली असतील तर तो बाद. असं कोणीच नसेल तर पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये आणि मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ मध्ये अशा मुलांना आधार द्यायलाच सुरू झाले. एकटेपणात अॅपवर अनोळखी माणसाला भेटायला जाण्यापेक्षा ते बरं. अॅपवर फोटो घेऊन ‘घरी पाठवू’ म्हणत पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. तसं झालंच तर पहिला हप्ता देऊ नकोस, मेसेज पुसू नकोस. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळव. खंडणी हा गुन्हा त्यांचा आहे, तुझा नाही.

आणि घर.

आत्ता सांगू नकोस. तुझी फी, मेस, गेटचा क्लास सगळं वडिलांच्या पैशावर चालू आहे. स्वतःचं भाडं स्वतः भरायला लागलास आणि दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडला, की मग विचार कर. तोवर गप्प राहणं म्हणजे आईबापांना फसवणं, असं तुझ्या डोक्यात बसलं आहे, ते काढ. मार्कशीट, आधार, जन्मदाखला यांच्या मूळ प्रती मात्र स्वतःजवळ आणून ठेव. कोणा तिसऱ्यानं घरी सांगितलंच, तर त्या रात्री कोणाकडे जाऊन राहायचं हे आजच ठरव.

कधीतरी सांगशील तेव्हा एक हिशोब लक्षात ठेव. नववीपासून आजपर्यंत सात-आठ वर्षं तू स्वतः हे पचवतो आहेस आणि अजून अंघोळ करतो आहेस. आईला एका संध्याकाळी पचलं नाही, ती रडली, आजीनं अंगारा लावला, तर तेवढ्यावरून ती कायमची परकी झाली असं समजू नकोस. ‘स्वीकार’ नावाचा अशा मुलांच्या आईवडिलांचा गट आहे. २०२३ मध्ये चारशेहून जास्त पालकांनी, आमच्या मुलांना लग्नाचा हक्क द्या म्हणून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्यातल्या कित्येकांनी पहिल्या दिवशी काय केलं असेल याची कल्पना मी माझ्या खुर्चीवरून करू शकते.

‘बहिणीचं लग्न होऊ दे, मग मीही करून टाकीन’ हे जे तू लिहिलंस ना, तिथे माझा हात थांबला. माझ्याकडे अशा बायका येतात. लग्नाला सहा वर्षं, नऊ वर्षं, एक मूल. तिला वाटत असतं आपल्यात काहीतरी कमी आहे. वजन घटवते, व्रतं करते, सासूचे टोमणे ऐकते, आणि नवरा चांगला असतो, मारत नाही, दारू पीत नाही, फक्त तिच्याकडे बघत नाही. तुझ्या धाकट्या बहिणीसाठी असं स्थळ आलं तर तुला चालेल? लग्न टाळायला शंभर सबबी आहेत, पीएचडीपासून पत्रिकेतल्या मंगळापर्यंत. वापर त्या. पण कोणा मुलीच्या आयुष्यात पडदा म्हणून जाऊ नकोस.

शेवटी तू घाईघाईत विचारलंस की त्यानं शिमग्याला चिपळूणला बोलावलं आहे, त्याच्या ताईला तुमच्याबद्दल माहीत आहे, बाकी घराला तू मित्र म्हणून माहीत असशील, जाऊ का? शिमगा गेटच्या नंतर येतो, हे लिहिताना तुझ्या लक्षात आलं का? तुझ्या तारखेनंतरचा बेत तूच विचारतो आहेस.

जा. आठ दिवस नको, दोन दिवस जा. स्वारगेटहून एसटीनं जा आणि परतीचं आरक्षण आधीच करून ठेव, म्हणजे पहिल्या रात्री घंटा वाजली तरी तुला माहीत असेल की परवा सकाळी साडेसहाची गाडी आहेच, मध्यरात्री उठून पळायची गरज नाही. त्याच्या आईसाठी बार्शीची ज्वारी ने. आणि ताई तुला बाजूला घेऊन काही विचारायला लागली तर मान खाली घालू नकोस, तिला तो लहानपणी कसा होता ते विचार.